मतदान यंत्रावरचे निळे बटण

यंत्राची आणि ते वापरणाऱ्याची जिथे गाठ पडते, त्या दर्शनी भागाला ‘यूजर इंटरफेस’ म्हणतात. त्याच्या रचनेची तत्त्वे शिकवताना सहसा एखादे लोकप्रिय ॲप दाखवले जाते. मला मात्र आपले इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र त्याहून सरस उदाहरण वाटते. ॲप आपण रोज उघडतो आणि अडलो तर घरातल्या पोराला विचारतो. मतदार मात्र पाच वर्षांत मोजक्या वेळा यंत्रासमोर येतो, आडोशामागे बहुधा एकटाच उभा असतो आणि त्याला वाचता येत असेलच असे नाही.

हे यंत्र प्रथम १९८२ मध्ये केरळमधील परवूर मतदारसंघात, ५० मतदान केंद्रांवर वापरले गेले. आज परिचित असलेल्या त्याच्या बाह्य रूपाच्या घडणीत पवईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा आहे.

मतदारापुढे असते ते बॅलट युनिट. त्यावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र आणि चिन्ह एका आडव्या ओळीत असून त्याच ओळीच्या टोकाला निळे बटण आहे. कोणते बटण कोणाचे, हे त्यामुळे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. प्रचाराच्या रिक्षावरून ‘चिन्हासमोरील बटण दाबा’ एवढेच ओरडले जाते आणि ते पुरते, याचे श्रेय या मांडणीला द्यायला हवे. बटणांलगत ब्रेल लिपीतील आकडेही आहेत. उमेदवार कमी असतील, तर उरलेली बटणे झाकून टाकतात. जे दाबायचेच नाही ते दिसूही नये, हा त्यामागचा साधा विचार.

यंत्राची खरी हुशारी दिसते ती प्रतिसादात. मतदान अधिकाऱ्याने आपल्याकडील कंट्रोल युनिटवरचे ‘बॅलट’ बटण दाबले की मतदारापुढे हिरवा दिवा लागतो, म्हणजे यंत्र तयार आहे. मतदाराने निळे बटण दाबताच त्याच ओळीतील लाल दिवा पेटतो. शेजारच्या व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेमागे उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन पेटीत पडते. मत नोंदले गेल्याची लांब बीप साऱ्या खोलीत ऐकू येते. दिवा व चिठ्ठी एकट्या मतदारासाठी आहेत, तर बीप अधिकाऱ्यांसाठी आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठीही आहे. मत कोणाला गेले हे ती सांगत नाही, फक्त दिले गेले एवढेच सांगते. अर्ज भरून ‘पाठवा’ दाबल्यावर नुसतेच गरगरणारे चक्र दाखवणाऱ्या संकेतस्थळांनी हे पाहण्यासारखे आहे.

यानंतर त्याच मतदाराने कितीही बटणे दाबली तरी काही होत नाही, कारण अधिकाऱ्याने पुन्हा ‘बॅलट’ दाबेपर्यंत यंत्र बंदच राहते. चूक झाल्यावर सूचना देण्यापेक्षा चुकीला वावच न ठेवणे बरे, हे तत्त्व इथे काटेकोरपणे पाळलेले आहे. निकालाचे बटण तर मोहोरबंद झाकणाखाली असते.

एक तत्त्व मात्र यंत्राने मुद्दाम बाजूला ठेवले आहे. केलेली कृती मागे घेता यावी असे प्रत्येक नवशिक्या रचनाकाराला शिकवले जाते. इथे तशी सोय नाही. दिलेले मत परत घ्यायचे तर ते कोणाचे हे यंत्राला ठाऊक असावे लागेल आणि मग गुप्तता कुठली? चिठ्ठी दिसते, पण मत बदलत नाही.

एका बॅलट युनिटवर १६ ओळी मावतात आणि त्यांतली एक ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला जाते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणातील निजामाबादमध्ये १८५ उमेदवार उभे होते, त्यामुळे १२ युनिटे जोडावी लागली. बटण तेच, दिवा तोच, ओळही तशीच. पण पंधरा नावांत एका नजरेत सापडणारे चिन्ह तिथे मतदाराला बारा युनिटांवर शोधावे लागले.