आयटीआयच्या विद्यार्थ्यांची कामे मोबाइलवर: आमची सेवा कशी चालते

प्राचार्य, गटनिदेशक आणि शिल्पनिदेशक यांच्यासाठी

बहुतेक आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेडचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. सूचना पडते, तिच्याखाली पन्नास अंगठे येतात, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र तसाच राहतो. आमचे काम तिथून सुरू होते. सूचना गेली म्हणजे विद्यार्थ्याचे काम झाले, असे आम्ही धरत नाही.

आधी ग्रुपबद्दल. ग्रुपमधल्या प्रत्येकाला इतरांचे नंबर दिसतात. मुलींच्या दृष्टीने हे आम्हाला अजिबात पटत नाही. म्हणून सर्वांसाठीच्या सूचना आम्ही व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर नेतो. तिथे एका विद्यार्थ्याचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. वैयक्तिक अडचणींसाठी संस्थेचा वेगळा नंबर असतो आणि तो कोणत्या निदेशकांकडे राहील, हे पहिल्याच दिवशी ठरते. चॅनेल कोणालाही पाहता येते, त्यामुळे नावांच्या याद्या, गुण किंवा आधार क्रमांक तिथे कधीच टाकायचे नाहीत.

सर्वाधिक वेळ आम्ही महाडीबीटीला, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या राज्य सरकारच्या पोर्टलला, देतो. अर्ज बऱ्याचदा सायबर कॅफेत भरलेला असतो, मोबाइल नंबर भलत्याचाच असतो, पासवर्ड कोणालाच आठवत नाही. त्रुटी दाखवून अर्ज परत आला, तरी मुलाला कळत नाही. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. आम्ही ट्रेडनिहाय तक्ता करून देतो: अर्ज भरला, परत आला, दुरुस्त झाला, पैसे जमा झाले. दर आठवड्याला ज्याचे काम अडले आहे त्यालाच निरोप जातो. उदाहरणार्थ:

“तुमचा अर्ज परत आला आहे. उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट आहे. मूळ दाखला घेऊन शुक्रवारी दुपारी कार्यालयात या. ओटीपी कोणालाही सांगू नका.”

परिपत्रकाचा तिरका फोटो पाठवण्यापेक्षा अशा चार ओळी कितीतरी उपयोगी पडतात.

हजेरीचेही तसेच. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, हे बऱ्याच मुलांना सत्र संपत आल्यावर उमगते. हजेरी घसरू लागली की विद्यार्थ्याला लेखी आणि पालकांना मराठीत आवाजी निरोप जातो. त्यात रागावणे नसते. अडचण काय, हे विचारलेले असते. कधी एसटीची वेळ बदललेली असते, कधी घरी कापणी चालू असते. अशा वेळी निदेशकांनी स्वतः फोन करावा. तो फोन आमची यंत्रणा करू शकत नाही आणि करूही नये.

आयटीआयला 14 व्या वर्षापासून प्रवेश मिळतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. संमतीपत्राचा मराठी नमुना आम्ही देतो. सगळी माहिती संस्थेच्याच खात्यात राहते. आमच्याकडे प्रत नसते.

पहिल्या बैठकीला निदेशकांबरोबर कार्यालयातील लिपिकांनाही बोलवा. शिष्यवृत्तीच्या फायली त्यांच्याच टेबलावर असतात.