हार्वर्डचे ब्लॅक एमबीए आणि ‘सेवा’ हा शब्द

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ब्लॅक माजी विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना आहे, १९७८ पासूनची. ती आपल्यातल्याच कुणाचा सत्कार करते तेव्हा दोन गोष्टी बघते, कामधंद्यात काय करून दाखवलं आणि समाजासाठी काय केलं. स्कूलचा स्वतःचा माजी विद्यार्थी पुरस्कार वेगळा आहे, तो १९६८ पासून दिला जातो. मग हा दुसरा सन्मान कशाला, आणि त्यात सेवा कुठून आली, हे बघायचं तर जरा मागे जावं लागतं.

फार जुनं थोडक्यात सांगतो. स्कूल १९०८ चं, पहिला ब्लॅक एमबीए १९१५ चा, आणि पुढे पन्नासेक वर्षं वर्गात असलाच तर एखाददुसरा. त्यातलाच एक १९३३ चा, एच. नेलर फिट्झह्यू. वॉशिंग्टनचा मुलगा, आधीची पदवीही हार्वर्डचीच, तीही ऑनर्सने, पण रंगामुळे मोठ्या कंपन्यांत कुठेच नोकरी मिळेना. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवर, म्हणजे भर ब्लॅक वस्तीत, एका हॅम्बर्गरवाल्याने तीन ब्लॅक कामगारांना काढून टाकलं आणि तरुण पोरं फलक घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली, जिथे आपल्याला काम नाही तिथे आपला पैसाही नाही असं म्हणत. कामगार परत घ्यावे लागले. हे आंदोलन पुढे वाढत गेलं, किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीशी भांडत १९३८ मध्ये सुप्रीम कोर्टात जाऊन जिंकलं, आणि त्यात हा हार्वर्डचा एमबीएपण होता. पोटासाठी मग तो हॉवर्ड विद्यापीठात मास्तर झाला (हार्वर्ड नाही, हॉवर्ड, वॉशिंग्टनमधलं ब्लॅक विद्यापीठ) आणि ३१ वर्षं तिथेच मार्केटिंग शिकवलं. बड्या कंपनीत पाय ठेवला तो थेट १९६५ मध्ये, पेप्सीत, तोवर वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं.

त्या ३१ वर्षांतली एक विद्यार्थिनी, लिलियन लिंकन. व्हर्जिनियातल्या शेतावर वाढलेली, न्यूयॉर्कमध्ये लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राबलेली, उशिरा कॉलेजला आलेली. सर तिच्या मागेच लागले की तू हार्वर्डला अर्ज कर. १९६७ मध्ये ती गेली तेव्हा सगळ्या बॅचमध्ये ब्लॅक विद्यार्थी सहा आणि त्यात बाई ही एकटीच. पुढच्या वर्षी, मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली त्या वर्षी, ती आणि आणखी चौघं डीनकडे गेले, म्हणाले मुलं मिळत नाहीत असं म्हणता ना, मग आम्ही शोधून आणतो. डीनने हो म्हटलं आणि हे पाच जण अभ्यास सांभाळून ब्लॅक कॉलेजं पालथी घालत फिरले. पुढच्या बॅचला २७ जण आले! या पाच जणांनी जी विद्यार्थी संघटना काढली तिच्या नावात तेव्हा ‘अफ्रो-अमेरिकन’ होतं, ‘आफ्रिकन-अमेरिकन’ नंतर झालं. १९७८ ची माजी विद्यार्थी संघटना हे याच घरचं पुढचं पाऊल.

आता सेवा या शब्दाकडे येतो, कारण सगळा गुंता इथेच आहे. कम्युनिटी सर्व्हिसचं मराठी आपण पटकन समाजसेवा करतो, पण आपल्याकडे ‘समाज’ दोन अर्थांनी चालतो, एक म्हणजे सगळे लोक आणि दुसरा म्हणजे ‘समाजातर्फे गुणवंतांचा सत्कार’ अशा बॅनरवरचा, आपली माणसं या अर्थाचा. इथली कम्युनिटी या दुसऱ्या अर्थाच्या जास्त जवळची आहे. म्हणून प्रश्न पडतो की गोऱ्या एमबीएने कंपनी मोठी केली की झालं यश, मग ब्लॅक एमबीएने यशाबरोबर आपल्या माणसांचा हिशोबही का द्यायचा? प्रश्न रास्त आहे. आणि त्या मास्तरांची ३१ वर्षं आज आपण सेवा म्हणून गौरवतो तेव्हा हेही लक्षात ठेवायला हवं की दुसरं दार उघडं असतं तर ते कदाचित तिथे गेले नसते. त्यांनी जीव ओतून शिकवलं यात शंकाच नाही, पण बंद दाराला सेवा म्हटलं की दार बंद करणारे अलगद सुटतात. तरीसुद्धा मला स्वतःला हा निकष योग्य वाटतो, कारण तो स्कूलने लादलेला नाही. पाच विद्यार्थी स्वतःचा अभ्यास सांभाळून दुसऱ्यांच्या प्रवेशासाठी धावले तिथूनच तो आलाय. आणि मास्तर नसते तर ती मुलगी हार्वर्डला गेलीच नसती. तिने १९७६ मध्ये घराच्या गॅरेजमधून इमारतींच्या साफसफाईची कंपनी काढली, ती १,२०० कामगारांपर्यंत नेली, २००१ मध्ये विकली. स्कूलने स्वतःचा मोठा पुरस्कार तिला दिला २००३ मध्ये, पदवीनंतर ३४ वर्षांनी. एवढं थांबावं लागतं म्हणूनच आपल्या लोकांनी आपला सत्कार आधी करायचा असतो.

अलीकडचं बरंच भराभर घडलं. २०१८ मध्ये विद्यार्थी संघटनेची पन्नाशी झाली. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर, तेव्हाच्या डीनने (पवईच्या आयआयटीत शिकलेले) जाहीर माफी मागितली की वंशभेदाविरुद्ध आणि आपल्या ब्लॅक लोकांसाठी स्कूल कमी पडलं. त्याच वर्षी कृती आराखडा आला. वंशभेदाचा उघड पुरस्कार करणाऱ्या एका सिनेटरचं नाव कॅम्पसमधल्या इमारतीवर होतं, ते काढून तिथे स्कूलमध्ये कायमस्वरूपी नेमणूक मिळालेल्या पहिल्या ब्लॅक प्राध्यापकाचं नाव द्यायचं ठरलं. जानेवारी २०२१ ला नवे डीन आले, तेही मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, आणि आराखडा पुढे नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. मग जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्याच खटल्यात प्रवेश देताना वंश बघायला मनाई केली. कॉलेजांत जाऊन मुलांना अर्ज करा म्हणून सांगायला मात्र या निकालाने बंदी घातलेली नाही, म्हणजे १९६८ मध्ये त्या पाच जणांनी केलं ते काम अजूनही करता येतं. मास्तरांच्या नावाने विद्यार्थी संघटना दरवर्षी परिषद घेते, आणि ज्या माणसाला १९३३ मध्ये एकाही मोठ्या कंपनीने उभं केलं नाही त्याच्या नावाच्या परिषदेत आज कंपन्या माणसं शोधायला येतात.