स्टेशन लहान करता येतं, पाऊस नाही

गेल्या मे महिन्यात आमचं नेरळचं बुकिंग ऑफिस बसलं. कोसळलं असं नाही, भिंती जागेवर होत्या, पण छप्पर मधोमध ओल्या पापडासारखं लोंबायला लागलं आणि खिडक्यांच्या चौकटी तिरक्या झाल्या. भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर छापून दिलं होतं, सतरा तास लागले होते छापायला, आणि आमच्या उन्हाने दोन दुपारीत त्याचा निकाल लावला.

आधी थोडं सांगतो. मुलुंडला जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो, किचनच्या मागच्या दाराबाहेर १८ फूट बाय ७ फुटाची पट्टी आहे, तिथे पूर्वी अळू आणि भंगार होतं, आता नेरळ-माथेरान रेल्वे आहे. गार्डन रेल्वे म्हणतात याला, घरातल्या टेबलावर नाही तर खऱ्या मातीत, उन्हापावसात चालणारी मॉडेल गाडी. १९६८ साली जर्मनीच्या एलजीबी कंपनीने ४५ मिलिमीटर रुळावरच्या (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं) मोठ्या गाड्या काढल्या तेव्हापासून हा छंद जास्त पसरला. मी मात्र ३२ मिमीचा रूळ वापरतो, कारण माथेरानची गाडी २ फुटी रुळावर चालते, म्हणजे ६१० मिमी, त्याला ३२ ने भागा, १९ येतात. म्हणजे १:१९. पण आमच्या घरात १९ चा पाढा कुणालाच येत नाही म्हणून हिशोबाला सरळ २० धरतो, या लेखातही तसंच करू. माणूस सव्वाआठ सेंटिमीटर, ६ मीटर लांब ४ मीटर उंच बुकिंग ऑफिस म्हणजे ३० सेमी लांब २० सेमी उंच. सोप्पं.

आणि इथेच गडबड होते, कारण आपण इमारत २० ने भागतो पण ऊन कोण भागणार?

भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते, ती खऱ्या नेरळ स्टेशनवरही तेवढीच आणि माझ्यावाल्यावरही तेवढीच. खऱ्या इमारतीची ९ इंची भिंत असते, दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. उष्णता भिंतीतून झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या हिशोबात बदलतो, म्हणजे तीच भिंत २० पट पातळ केली की वेळ ४०० पट कमी, सात-आठ तासांच्या जागी एखादं मिनिट. मॉडेलला सावलीत जाऊन थंड व्हायची उसंतच नसते. त्यात प्रिंटरचं ते पीएलए प्लास्टिक मक्यासारख्या पिकांच्या पिष्टापासून बनतं आणि ६० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मी शहाण्याने छप्पर गडद तपकिरी रंगवलेलं. पोरीने कोविडच्या वेळचा तो कपाळावर धरायचा बंदुकीसारखा थर्मामीटर आणून छपरावर धरला तर नुसतं 'हाय' दाखवत राहिला, ताप मोजायचं यंत्र ते, त्याला ४२-४३ च्या वरचं जग माहीतच नाही.

प्लास्टिकला दुसरा शत्रू म्हणजे अतिनील किरण, ते प्लास्टिकच्या लांब लांब साखळ्या तोडत बसतात, मग वर पांढरी पूड सुटते आणि एक दिवस कोपरा हातात येतो. अ‍ॅक्रिलिक बरंच टिकतं म्हणून खिडक्यांच्या काचा त्याच्या करतो, पण फिट्ट बसवायच्या नाहीत. मीटरभर अ‍ॅक्रिलिक ३० अंश तापलं तर २ मिमी वाढतं. फिट्ट बसवली की दुपारी फुगून चौकटीला तडा देते.

मग पीओपी करून बघितलं, त्याचं तर नावच काढू नका. पीओपी म्हणजे शेवटी जिप्सम, आणि जिप्सम पाण्यात थोडंसं विरघळतं, लिटरला २ ग्रॅमच्या आसपास. घरात हे ऐकून कुणी घाबरणार नाही, पण हिशोब करा, ३० बाय २० सेमीचं छप्पर, मुंबईत पावसाळ्यात ढोबळ २२०० मिमी पाऊस, म्हणजे त्या एवढ्याशा छपरावर चार महिन्यात १३० लिटर पाणी पडतं. धावतं पाणी पूर्ण कोटा विरघळवत नाही हे खरं, पण ऑगस्ट संपेपर्यंत माझ्या कौलांच्या रेघा पुसून छप्पर साबणाच्या वडीसारखं झालं होतं.

शेवटी आलो सिमेंटवर, यायचंच होतं, गवंड्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ऐकलं कोणी. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळणीतून काढलेली बारीक वाळू, आत कोंबडीच्या जाळीचा तुकडा. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण बोलतो पण ते चूक आहे, ते पाणी पिऊन घट्ट होतं, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन आत बारीक स्फटिकांचं जाळं विणलं जातं, म्हणून तर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं. जास्त मजा मधल्या वेळात असते. ओतल्यावर तीन-चार तासांनी एक वेळ येते जेव्हा नख टेकवलं तर ओरखडा उठतो पण बोट दाबलं तर रुतत नाही, त्या वेळात जुन्या कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन बसायचं आणि दगडांचे सांधे कोरायचे. तासभर मिळतो, मे महिन्यात तेवढाही नाही. मंगलोरी कौल खरं साधारण ४१ बाय २४ सेमी, माझ्याकडे २ बाय १.२, एका बाजूच्या उतारावर दीडशेच्या वर कौलं होतात, तिसऱ्या ओळीला मान धरते आणि पाचव्या ओळीला आपण हे का करतोय असा प्रश्न पडतो.

२ सेमी जाडीच्या भिंती धरल्या तर इमारत आठ-नऊ किलोची होते आणि वाऱ्याचा प्रश्नही आपोआप सुटतो. तो प्रश्न काय? आकार २० ने कमी केला की भिंतीचं क्षेत्रफळ ४०० पट कमी होतं, पण वजन ८००० पट. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हा वर्ग-घनाचा मुद्दा मांडलाय, हाडांच्या उदाहरणाने. वारा ढकलतो क्षेत्रफळावर, धरून ठेवतं वजन. ताशी ५० किमीचा झोत ३० बाय २० च्या भिंतीवर साधारण ७०० ग्रॅम वजनाइतका जोर लावतो आणि सनबोर्डचं अख्खं स्टेशन भरतं ३०० ग्रॅम. माझं एक पार्सल ऑफिस पहिल्याच वळवात शेजारच्यांच्या तुळशीत सापडलं.

आता पाऊस. २ मिमीचा साधा थेंब माझ्या स्टेशनमास्तरच्या मापात ४ सेंटिमीटरचा, म्हणजे चांगलं रसरशीत लिंबू, आणि जुलैतले ते टपोरे थेंब म्हणजे मोसंबीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, त्या मापात तो जवळपास १९ मीटर, सहा मजली बिल्डिंग बुडेल इतका. थेंब मातीवर आपटला की चिखलाचे शिंतोडे दोन फुटांपर्यंत उडू शकतात, खऱ्या घराचा फक्त जोता मळतो, आमचं घर पार कौलांपर्यंत लाल. यावर मी रंग, कोटिंग वगैरे बरंच काही करून बघितलं आणि उपाय निघाला अगदी गावठी, भिंतीभोवती वीतभर बारीक खडीचा पट्टा. थेंब खडीवर फुटतो, माती उडतच नाही. गावाकडे पागोळ्यांखाली दगड का लावतात हे मला पन्नाशीत कळलं.

पण खरी फजिती पन्हळीची. खरी पन्हळ १० सेमी रुंद, मी हौसेने ५ मिमीची केली, अ‍ॅल्युमिनियमची, छान उतार देऊन. पाणी वाहिलंच नाही. आत मण्यासारखे थेंब बसून राहिले, वर फुगीर, ढिम्म. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, तो थेंबाला गोळा करून ठेवायला बघतो आणि वजन त्याला सपाट करून वाहवायला बघतं, आणि या दोघांची बरोबरी साधारण पावणेतीन मिलिमीटरच्या मापाला होते. त्याच्या बरंच वर गेलात तर पाणी पाण्यासारखं वागतं, त्याच्या आसपास आलात की चिकटतं, लटकतं, फटीतून वर सुद्धा चढतं. माझी पन्हळ नेमकी त्या हद्दीवर. मुंगीला दव कसं दिसत असेल ते थोडं कळतं अशा वेळी. आता पन्हळी फक्त दिसायला आहेत, पाणी सरळ कौलांवरून खाली, छज्जा मात्र दीड सेंटिमीटर जास्त पुढे काढलाय, मापात बसत नाही पण भिंत कोरडी राहते, आणि कोणी पट्टी घेऊन आलं तर बघू.

म्हणजे काहीच लहान होत नाही का? तर तसंही नाही. दगड होतो. सह्याद्रीचा कडा ज्या काळ्या बसाल्टचा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला, त्याचीच खडी मुंबईत कुठल्याही बांधकामाबाहेर पडलेली असते, आणि हातभर कपचीला जसे कंगोरे तसेच डोंगराला. भूगर्भवाले फोटो काढताना दगडाशेजारी हातोडा किंवा नाणं ठेवतात ते यासाठीच, नाहीतर कडा आहे की खडा ते कळत नाही. मी फक्त एक पाळतो, थर आडवे ठेवायचे, पायऱ्यांसारखे. दगड उभे-तिरके रचले तर हिमालय वाटतो, माथेरान नाही. चढही लहान करावा लागत नाही, कारण तो गुणोत्तर आहे, माथेरान लाईनवर जास्तीत जास्त २० ला १, माझ्याकडेही २० ला १, साडेपाच मीटरमध्ये २७ सेमी चढते गाडी. १९०७ साली ही लाईन सुरू झाली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली, त्या माणसाने खऱ्या डोंगरात जी वळणं काढलीत ती मला पट्टीत बसवताना रडू आलं.

आणि सावली. ही गोष्ट मला फार आवडते. सूर्य आकाशात बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून सावलीची कड थोडी पुसट असते, आणि तो पुसटपणा वस्तू जमिनीपासून किती लांब त्याच्या साधारण शंभराव्या भागाइतका. खऱ्या ५ मीटर उंचीच्या छपराच्या सावलीची कड जवळपास ५ सेमी पुसट, माझ्या २५ सेमीच्या छपराची सव्वादोन-अडीच मिमी, २० ने गुणा, परत तेवढीच! कोन असल्यामुळे सूर्य आपोआप स्केलमध्ये येतो, घरातल्या एलईडीखाली हे कधीच जमत नाही. म्हणून फोटो नेहमी बाहेर उन्हात, आणि मोबाईलनेच काढा, छोट्या सेन्सरमुळे जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट येतं, मोठ्या कॅमेऱ्यात मागचं धूसर झालं की लगेच खेळणं वाटतं.

डिटेलिंग किती करायचं याचंही गणित आहे. चांगल्या नजरेला एक मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनाचा फरक दिसतो, २ मीटरवरून तो अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर. त्याहून बारीक काही कोरलंत तर ते फक्त तुमच्या समाधानासाठी. मी खिळ्यांची डोकी सोडून दिली पण पिवळी पाटी सोडली नाही, वर 'नेरळ' मराठीत, खाली 'नेरल' हिंदीत, तो ळ चा ल झालेला दिसलाच पाहिजे.

झाडांचं म्हणाल तर किल्ल्याच्या वेळी पेरायचो तो अळीवच अजून कामाला येतो, चार दिवसात कुरण तयार, पण आठ-दहा दिवसात लोळतं. नर्सरीतली छान छान झाडं घेऊ नका, दीड इंचाचं पान म्हणजे आमच्या मापात अडीच फुटी, डायनासोरच्या काळातलं जंगल दिसतं. पावसात कुंड्यांच्या कडेला आणि गटाराजवळ आपोआप उगवणारं ते बारीक पानांचं रसाळ झुडूप असतं ना, पिलिया मायक्रोफिला, माळी ते उपटून टाकतो, त्याचं पान ३-४ मिमीचं, २० पट केलं की ६-८ सेमी, म्हणजे माथेरानच्या अंजनीच्या पानाएवढं. फुकट जंगल. शेवाळ लावावं लागत नाही, मुंबई आहे. माणसं मात्र धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे आहेत, सव्वातीन इंची मावळा १:२० मध्ये चपखल बसतो, त्यामुळे सध्या प्लॅटफॉर्मवर सात जण भाले घेऊन गाडीची वाट बघतायत.

राहिला धबधबा. मत्स्यालयाचा छोटा पंप लावला, पाणी ४० सेमीवरून पडतं, म्हणजे खऱ्यात ८ मीटर, पण बघताना नळ सोडल्यासारखंच वाटतं. कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, ४० सेमीला ०.२९ सेकंद, ८ मीटरला १.२८, फरक साडेचार पट. मग मोबाईलचा स्लो मोशन लावला, साधारण चार पट मंद, आणि पाणी एकदम जड झालं, माथेरानच्या डोंगरावरून उतरल्यासारखं. थेंब अजूनही मोठेच दिसतात, तो पृष्ठताण सुटत नाही, पण तीन-चार पावलं मागे जाऊन काढलं तर चालतं.

काल रात्री टॉर्च लावून असा एक व्हिडिओ काढला, आज सकाळी मोठ्या स्क्रीनवर बघितला तर बोगद्याच्या कमानीवर आफ्रिकन गोगलगाय, शंख बोटभर लांब, म्हणजे मावळ्याच्या छातीपर्यंत येईल एवढा. नव्या सिमेंटमधला चुना पावसात बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी जुळतो आणि पांढरा लोणा धरतो, कमानीवर तो इतका सुंदर धरला होता की शंभर वर्षं जुनं बांधकाम वाटायचं, आणि या बाईला शंखासाठी नेमका तोच चुना लागतो. अर्धी कमान खरवडून खाल्लीये.