किरणांचा मारा वेगळा, जहाजावर बसलेली राख वेगळी

१९५४ च्या जपानी मासेमारी बोटीचा, म्हणजे दाइगो फुकुर्यू मारूचा विषय निघाला की दर वेळी तेच वाचायला मिळतं, "बॉम्बचं रेडिएशन बोटीपर्यंत पोचलं." नाही पोचलं! १ मार्चला बिकिनीवर, म्हणजे पॅसिफिकमधल्या प्रवाळबेटावर, कॅसल ब्राव्हो नावाचा अमेरिकेचा चाचणीचा हायड्रोजन बॉम्ब फुटला, १५ मेगाटनचा, अंदाजाच्या अडीचपट. पण बोट तिथून शंभरावर किलोमीटर लांब होती आणि स्फोटाच्या क्षणी जे किरण निघतात ते हवेत काही किलोमीटरमध्येच संपतात. खलाशांना लांबून उजेड दिसला. त्रास झाला तो काही तासांनी आकाशातून पडलेल्या पांढऱ्या राखेचा, म्हणजे प्रवाळाच्या चुऱ्याचा, ज्याला विखंडनातून, म्हणजे बॉम्बमधले अणू फुटून, तयार झालेले किरणोत्सारी (स्वतःहून किरण सोडत राहणारे) कण चिकटले होते.

 

खरी गफलत पुढे आहे. किरणांचा मारा झाला म्हणजे ती वस्तू स्वतः किरणोत्सारी झाली, असं धरून चालतात लोक. शेकोटीची धग लागणं आणि निखारा कपड्यात अडकणं यात जो फरक आहे तोच इथे. गॅमा किरण (स्फोटातून निघणारे, आरपार जाणारे किरण) पोलादातून गेले, गेले. पोलाद त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. (न्यूट्रॉनचा, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांचा, मारा झाला तर होतं, पण तेही स्फोटाच्या अगदी जवळ.) पण राख किंवा दूषित पाणी डेकवर बसलं की किरणांचा उगमच तुमच्यासोबत प्रवास करायला लागतो.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा १९४६ चा, त्याच बिकिनीच्या लगूनमधला (प्रवाळाने वेढलेल्या पाण्यातला), जिथे अमेरिकेने उभ्या जहाजांवर दोन अणुबॉम्बची चाचणी घेतली, एबल आणि बेकर. १ जुलैचा एबल हवेत फोडला. जहाजांवर ठेवलेले काही प्राणी किरणांनी मेले, तरी बहुतेक जहाजांवर माणसं दुसऱ्या दिवसापर्यंत परत चढली, कारण ढग वर गेला, डेकवर फारसं काही बसलंच नाही. २५ जुलैचा बेकर साधारण तेवढ्याच ताकदीचा, पण पाण्याखाली २७ मीटरवर. दूषित पाणी आणि धुकं जहाजांवर असं कोसळलं की साबण, सोडा, घासणं, होसपाइप, सगळं करून झालं, आणि १० ऑगस्टला साफसफाई थांबवावी लागली. रंग, गंज, लाकूड, दोरखंड यात जे मुरलं ते नुसत्या पाण्याने निघत नाही, वरचा थरच खरवडावा लागतो. शिवाय समुद्राचं पाणी आत घेणारे पाइप, पिण्याचं पाणी बनवणारी यंत्रं, तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शंखशिंपले, हे सगळं ते साठवत राहतं, आणि ते कुणाच्या डोळ्यांनाही दिसत नाही.

आता जपानी बोटीकडे परत या म्हणजे सगळं जुळेल. ती लाकडी होती, राख केसांना, त्वचेला, दोऱ्यांना चिकटली, आणि २३ खलाशी याइझू बंदरात पोचेपर्यंत दोन आठवडे तिथेच जेवले, झोपले. जिथे राख बसली तिथे त्वचा भाजल्यासारखी झाली. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी, १९५४ मध्ये, २३ सप्टेंबरला वारले.

म्हणूनच मला "लांब होते म्हणजे सुरक्षित होते" हे वाक्य अजिबात सहन होत नाही. अंतर माऱ्यापासून वाचवतं. राखेपासून वाचायचं तर वारा कुठे वाहतोय ते बघून वाट बदला आणि डेक ओला ठेवा. नौदलाची जहाजं राख पडायच्या आधीच फवारे सुरू करतात ती याचसाठी, वाहत्या पाण्यावर कण टिकत नाहीत, वाळलेल्या रंगात शिरले की बसतात.

आणि एक, ती बोट आज टोकियोत प्रदर्शनात उभी आहे, लोक तिच्याशेजारून फिरतात. "मग रेडिएशन कुठे गेलं?" असं विचारतात. राख साफ केली गेली आणि ताज्या राखेची तीव्रता वेळ सातपट झाला की साधारण दहावा भाग उरते, म्हणजे स्फोटानंतर तासाभराने होती त्याच्या मानाने ४९ तासांनी शंभरावा.