नागपुरात निराधार किंवा श्रावणबाळचा फॉर्म भरायचाय? आधी कोणता कागद करायचा ते बघा

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन पेन्शन योजनांबद्दल आमच्या वस्तीत कोणी ना कोणी विचारतच राहते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्या मावश्यांना, आजोबांना याची खरी गरज आहे ते काही हे वाचणार नाहीत, तेव्हा तुमच्या शेजारच्या, घरकामाला येणाऱ्या ताईच्या, गावाकडच्या आत्याच्या नावाने वाचा आणि जमलं तर सोबत जा.

आधी ऑफिसचा घोळ मिटवू. बरेच लोक अर्ज घेऊन मनपाच्या झोन ऑफिसात जातात, आशीनगर, सतरंजीपुरा, लकडगंज, जो झोन जवळ पडेल तो, आणि तिथून "इथे नाही होत" म्हटलं की घरी येऊन सांगतात आपलं नाव बसत नाही. अहो, ही पेन्शन राज्य सरकारची, काम तहसीलचं. शहरात राहणाऱ्यांसाठी नागपूर शहर तहसील, सिव्हिल लाइन्सला. बेसा, वाडीकडचे नागपूर ग्रामीणला जातात, कामठी, हिंगण्याचे आपापल्या तहसीलला. या अर्जासाठी झोनचं काम फक्त जन्म-मृत्यूच्या दाखल्यापुरतं. नगरसेवकाचं शिफारसपत्र लागते असंही कोणीतरी पसरवून ठेवलंय, त्याची काही गरज नाही.

आता कोणाला मिळते. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे आणि ती मुख्यतः १८ ते ६५ वयाच्या लोकांसाठी. ६५ पूर्ण झाले की श्रावणबाळ. निराधार म्हटलं की लोकांना फक्त विधवा बाई आठवते, पण यादी बरीच मोठी आहे. घटस्फोट झालेली आणि पोटगी न मिळणारी, घटस्फोटाची केस चालू असलेली, नवऱ्याने टाकून दिलेली, ३५ च्या वरची लग्न न झालेली बाई, जेलात शिक्षा भोगत असलेल्या माणसाची बायको, देवदासी, तृतीयपंथी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा, दिव्यांग, अनाथ लेकरं, आणि टीबी, कॅन्सर, लकवा, एचआयव्ही, कुष्ठरोग यासारख्या आजाराने कमावता न येणारे पुरुष आणि बायका. हो, पुरुषही.

आणि सिकलसेल, म्हणजे तो रक्ताचा आजार. हे मुद्दाम वेगळं लिहिते कारण आपल्या विदर्भात घरोघरी सिकलसेलचे पेशंट आहेत, पोरगा महिन्यातून चार दिवस दुखण्याने पडून राहतो, ठेकेदार त्याला कामावर ठेवत नाही, आणि त्या घरात कोणालाच माहीत नसते की सिकलसेलग्रस्त हा शब्द या योजनेच्या यादीत छापलेला आहे. मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांचे कागद असतील तर ते कपाटातून काढा आणि तहसीलला जाऊन विचारा. मोठ्या माणसापेक्षा अशा तरण्या पोरांचे अर्ज फार कमी जातात, हे मला खरंच खटकते.

पैसे किती? जुलै २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये, त्याच्या आधी १००० होते. दिव्यांगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून २५०० केले. श्रावणबाळमध्ये दोन गट आहेत, ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे ते गट अ, त्यांना थोडे पैसे केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून आणि बाकी राज्याकडून येतात, आणि ज्यांचं नाव यादीत नाही पण उत्पन्न कमी आहे ते गट ब. हातात पडणारी रक्कम सारखीच, त्यामुळे या अ-ब मध्ये डोकं घालू नका.

अटी दोनच मोठ्या. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं राहणं, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा ५० हजार.

२१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई याच्या वर जाते. एवढ्या पैशात नागपुरात एक खोली भाड्याने मिळत नाही आणि त्यावर कुटुंब जगते असं सरकार धरून चालते, ही मर्यादा वाढवायला पाहिजे हे माझं ठाम मत आहे आणि ज्याला कोणाला आमदाराला भेटता येते त्याने हे बोललंच पाहिजे. पण मर्यादा चुकीची आहे म्हणून दाखल्यासाठी खोटं लिहून देऊ नका. एजंट सांगतात "काही होत नाही, लिहा तुम्ही", पुढे चौकशीत सापडली तर स्वयंघोषणापत्रावर सही त्या बाईची असते, एजंटची नाही.

आता क्रम. माझं सांगणं एवढंच आहे की फॉर्म शेवटी भरा. लोक उलटं करतात, आधी फॉर्म भरतात, मग एकेक कागद मागितला की धावपळ, तोवर पहिला कागद जुना होतो.

सगळ्यात आधी बँक. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारला जोडलेल्या खात्यात येतात. पासबुकवर आधार नंबर लिहिला म्हणजे खातं जोडलं असं नाही, बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे खातं आधारला जोडण्याचा फॉर्म वेगळा द्यावा लागतो आणि "डीबीटीसाठी" हा शब्द बोलून सांगायचा. ज्यांची दोन-तीन खाती आहेत त्यांचे पैसे भलत्याच खात्यात जातात, कारण आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते त्यांनाच माहीत नसते, कधीकाळी गॅस सबसिडीसाठी उघडलेलं बंद पडलेलं खातं असते ते. माय आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, मोबाईलवर ओटीपी आला की लगेच दिसते कोणती बँक. मोबाईल नंबर आधारला नसेल तर आधी तो जोडून घ्या, सगळं तिथेच अडते. बँकेत दाद देत नसतील तर पोस्टात जा, पोस्ट पेमेंट बँकेचं खातं आधार आणि अंगठ्यावर उघडते, आणि उघडतानाच सांगा की डीबीटी यावर पाहिजे.

दुसरं नाव. आधारवर शोभा, रेशनकार्डावर शोभाबाई, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात त्याचं आडनाव वेगळ्या स्पेलिंगने, आणि बँकेत माहेरचं नाव. हे एकाच बाईचे कागद आहेत हे साहेबाला कसं कळणार? सगळे कागद एका ओळीत मांडा, नाव आणि जन्मसाल जुळवा, जिथे फरक आहे तो आधी दुरुस्त करा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे वाचवलेला वेळ नंतर दुपटीने जातो.

मग उत्पन्नाचा दाखला. हा तहसीलदाराचाच लागतो, सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज होतो, सोबत रेशनकार्ड, आधार, लाइट बिल, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल. तलाठी घरी येईल किंवा शेजाऱ्यांना विचारेल, तेव्हा जे आहे ते सांगायचं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, त्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत ठरवून दिलेली आहे, त्यामुळे पावती सांभाळा, तारीख त्यावर असते. मुदत गेली की पोर्टलवरूनच अपील टाकता येते आणि ते फुकटचं धाडस नाही, कायद्यात उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. केशरी कार्ड असलेले लोक घाबरतात की आपलं काम होणार नाही, पण केशरी कार्ड म्हणजे १५ हजार ते १ लाख उत्पन्न, २१ हजाराचा दाखला त्याच्यात बसतो.

आणि स्टॅम्प पेपर. बाहेर बसलेला माणूस ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावते. सरकारी दाखल्यांसाठी जे प्रतिज्ञापत्र लागते त्यावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे, आणि २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळेंनी, जे आपल्याच कामठीचे आमदार आणि नागपूरचे पालकमंत्री आहेत, पुन्हा जाहीर केलं की उत्पन्न, जात, रहिवासी असल्या दाखल्यांना ५०० चा स्टॅम्प लागणार नाही, साध्या कागदावर चालेल. कोणी मागितला तर हे सांगा. ज्या बाईकडे महिन्याला १७५० पण नाहीत तिच्याकडून ५०० चा स्टॅम्प काढायला लावणं हे पाप आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

राहण्याचा पुरावा म्हणजे जुनं रेशनकार्ड, जुनी मतदार यादी, लाइट बिल, टॅक्स पावती. ज्यांचे आईवडील छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगडकडून मजुरीला आले आणि इथेच राहिले त्यांना हे कठीण जाते, भाड्याच्या झोपडीला ना टॅक्स ना बिल. अशा वेळी पोरांच्या शाळेचे दाखले कामी येतात, दहा-पंधरा वर्षं पोरगं नागपूरच्या शाळेत शिकलंय तर मायबाप कुठे राहत होते ते त्यातून दिसतेच. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंद, नाहीतर मतदार यादीतलं वय, आणि यातलं काहीच नसेल तर सरकारी दवाखान्याचा वयाचा दाखला.

विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यू दाखला. हा जिथे मृत्यू झाला तिथलाच निघतो, राहायला कुठे होते ते बघत नाहीत, म्हणजे शहरात गेला तर मनपाकडे, गावी गेला तर ग्रामपंचायतीत. नोंदच केली नसेल तर घाबरू नका, वर्षाच्या वर झालं तरी होते, फक्त त्याला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आधी कोर्टात जावं लागायचं, २०२३ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून जिल्हाधिकारी, एसडीओ किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी हे करतात. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा आदेश, केस चालू असेल तर केस टाकल्याचा कागद. दिव्यांग असेल तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र, आजकाल यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र असते त्याचा अर्ज ऑनलाइन करून तपासणीला सरकारी दवाखान्यात जायचं. आजाराचा अर्ज असेल तर सरकारी डॉक्टरचा दाखला, खाजगी दवाखान्याची फाइल कितीही जाड असली तरी त्यावर नका राहू.

एवढं झालं की मग फॉर्म. भरला की समितीपुढे जातो, तहसीलदार या समितीचे सचिव असतात, मंजुरी समितीच्या बैठकीत मिळते. म्हणून खिडकीवरच्या बाबूला रोज विचारून उपयोग नाही, बैठक कधी आहे आणि आपला अर्ज त्या यादीत आहे का, हे दोनच प्रश्न विचारा. बैठका लांबतात आणि त्यात म्हाताऱ्या माणसांचे महिने जातात, हे बरोबर नाही. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. बऱ्याचदा कारण एखाद्या दाखल्याचंच असते आणि तो जोडून परत अर्ज करता येतो. उत्तरच देत नसतील तर माहिती अधिकारात विचारा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फीसुद्धा नाही. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे तक्रार मांडता येते.

लाडकी बहीणचं सगळ्या जणी विचारतात, दोन्ही घेता येतात का? नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असेल तर लाडकी बहीणमध्ये बसत नाही. दोन्ही चालू ठेवलं आणि पुढे पडताळणीत नाव आलं तर त्रास तिलाच. माझं मत विचाराल तर जी खरोखर विधवा किंवा टाकलेली आहे तिने निराधारमध्येच राहावं, कारण लाडकी बहीण ६५ ला संपते आणि इथे त्याच ऑफिसातून पुढे श्रावणबाळमध्ये जाता येते. दिव्यांग बाईला तर २५०० सोडून १५०० कडे जायचं कारणच नाही.

घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात, याच तहसीलमध्ये. ही योजना कोणी सांगत नाही. तेराव्यानंतर जो कोणी घरच्यांना भेटायला जाईल त्याने एवढं सांगून यावं, उशीर झाला की तो अर्ज अडतो.

दिव्यांगांसाठी आणखी एक, मनपाला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, त्याच्यासाठी मात्र मनपाच्या समाज विकास विभागात जायचं, तहसीलला नाही. तिथे यावर्षी काय योजना काढली ते विचारा.

पेन्शन चालू झाली की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, नाही दिला तर पैसे थांबतात आणि म्हातारा माणूस बँकेत पासबुक भरून भरून थकतो पण थांबले का ते त्याला कोणी सांगत नाही. पैसे आले नाहीत तर आधी हयातीचं बघा, मग आधार सीडिंग, बहुतेक वेळा याच दोनपैकी एक असते. अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर त्याला ऑटोत घालून सिव्हिल लाइन्सला नेण्याआधी एकदा तहसीलला किंवा तलाठ्याला विचारा की घरी येऊन करता का.