इनोकी पहिलवान: कराचीच्या लढतीची पार्श्वभूमी

जपानी मल्ल अंतोनिओ इनोकीचं नाव आपल्याकडे निघतं ते बॉक्सर मुहम्मद अलीशी झालेल्या लढतीच्या निमित्ताने. २६ जून १९७६, टोकियोचं बुडोकान, पंधरा फेऱ्या, निकाल बरोबरी. इनोकी बहुतेक वेळ मॅटवर पडून अलीच्या पायांवर लाथा घालत राहिला, प्रेक्षक वैतागले, आणि अलीच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. त्या लढतीवर भरपूर लिहून झालंय. पण त्याच वर्षी १२ डिसेंबरला कराचीत जे झालं, ते कुस्तीच्या माणसाने जास्त लक्षात ठेवायला हवं. त्याचा एक धागा थेट कोल्हापूरच्या खासबागेपर्यंत येतो.

इनोकीचं मूळ नाव कांजी. जन्म १९४३ चा, योकोहामाचा. कुटुंब ब्राझीलला गेलं, पोरगा कॉफीच्या मळ्यात राबला. तिथे जपानचा नामवंत व्यावसायिक मल्ल रिकिदोझानने त्याला हेरलं आणि १९६० मध्ये जपानला आणून रिंगमध्ये उतरवलं. जुन्या कंपनीतून बाहेर पडावं लागल्यावर १९७२ मध्ये त्याने न्यू जपान ही स्वतःची कुस्ती कंपनी काढली.

जपानमधली व्यावसायिक कुस्ती म्हणजे निकाल आधी ठरलेला खेळ. इनोकीचा आग्रह मात्र असा, की आपला मल्ल कुठल्याही खेळातल्या कुणाशीही खरोखर भिडू शकतो. म्हणून १९७६ च्या फेब्रुवारीत त्याने म्युनिक ऑलिंपिकमध्ये ज्युदोची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या विलेम रुस्काला अंगावर घेतलं, मग अलीला. अशा बऱ्याच लढतींचा निकालही आतून ठरलेलाच असे, असं आता जाणकार मानतात. कराचीची लढत त्यातली नव्हे.

समोर होता पाकिस्तानी मल्ल अक्रम. भोलू पहिलवानाचा भाऊ, थोरल्या गामाचा पुतण्या आणि इमामबक्षचा मुलगा. १९१२ मध्ये खासबाग मैदानाचं उद्घाटन ज्या कुस्तीने झालं, त्यातला एक मल्ल हाच इमामबक्ष; दुसरा गुलाम मोहिद्दीन. शाहू महाराजांच्या मैदानात ज्याच्या बापाने शड्डू ठोकला, त्याच्याशी इनोकीची गाठ होती. जपानी मंडळींच्या सांगण्यानुसार, निकाल ठरवून खेळायला अक्रमच्या बाजूने कुणी तयारच झालं नाही आणि लढत खरी होणार हे इनोकीला ऐनवेळी कळलं. मला यात नवल वाटत नाही. त्या घराण्यात पाठ लागणं म्हणजे पिढ्यांची अब्रू जाणं. ती कुणी कागदावर ठरवून देईल कसा?

तिसऱ्या फेरीत इनोकीने डबल रिस्ट लॉक लावला. समोरच्याचं मनगट एका हाताने धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि त्याचा हात मागे पिळत न्यायचा. एका टप्प्यावर माणूस मॅटवर थाप मारतो, नाहीतर त्याचा खांदा जातो. अक्रमने थाप मारली नाही. हात निकामी झाला आणि लढत थांबवावी लागली. अक्रम आपल्याला चावला, आपण त्याच्या डोळ्यात बोट घातलं, असंही इनोकीने पुढे सांगितलं.

निकाल इनोकीच्या बाजूने गेला; पण अक्रम ‘हरला’ या शब्दापाशी थांबावं लागतं. आपल्या मातीतल्या कुस्तीत निकाल एकाच गोष्टीने लागतो: पाठ टेकली की चितपट. थाप मारून सुटका करून घेणं तिथे नाही, सांधा निखळेपर्यंत पिळणं हा जिंकायचा मार्गही नाही. अक्रम ज्या कायद्यात वाढला, त्यात तो चीत झाला नव्हता. इनोकी ज्या कायद्यात घडला, त्यात लढत कधीच संपली होती. एकाच रिंगमध्ये दोन कायदे उतरले होते. अक्रमचा हात त्या गोंधळात गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. इनोकीने दगा केला म्हणणारे आणि अक्रमला खेळच कळला नाही म्हणणारे, दोघेही त्याच्यावर अन्याय करतात.

दुसरा गोंधळ ‘पहिलवान’ या शब्दाचा. जपानी नोंदींत अक्रमचं नाव ‘अक्रम पेरुवान’ असं लागलं, जणू पेरुवान हे आडनावच. आपल्याला सांगायला नको, की ही पदवी आहे. तालमीत घाम गाळून ती मिळवावी लागते आणि गावाने ती मान्य करावी लागते. कराचीनंतर तीच पदवी इनोकीला चिकटली. पाकिस्तानात तो ‘इनोकी पहिलवान’ झाला. ज्या लोकांच्या मल्लाचा हात त्याने निकामी केला, त्यांनीच त्याला हा मान दिला. माझ्या लेखी त्याने जिंकलेल्या सगळ्या विजेतेपदाच्या पट्ट्यांपेक्षा हा मान मोठा.

१७ जून १९७९ ला लाहोरमध्ये त्याच घराण्यातला झारा त्याच्यासमोर आला. अक्रमचा पुतण्या, अजून विशीही न गाठलेला, इनोकी छत्तीसचा. पाच फेऱ्या झाल्या, कुणीच चीत झालं नाही. शेवटी इनोकीने स्वतः झाराचा हात धरून वर केला. जपानच्या नोंदीत ही लढत बरोबरीची, पाकिस्तानात झाराच्या विजयाची. काहींनी तिला नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्तीही म्हटलं. कुस्तीच्या हिशेबाने पाठ लागली नाही म्हणजे बरोबरीच. पण मैदानात हजारो लोकांसमोर पोराचा हात वर करणं ही जाहीर कबुली होती, आणि अक्रमच्या घराला ती हवी होती.

पुढचा इनोकी राजकारणातला. १९८९ मध्ये तो जपानच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आला, १९९० मध्ये इराकला जाऊन तिथे अडकवून ठेवलेल्या जपानी नागरिकांच्या सुटकेसाठी धडपडला, १९९५ मध्ये उत्तर कोरियातल्या प्योंगयांगच्या स्टेडियममध्ये अमेरिकन मल्ल रिक फ्लेअरशी खेळला. ४ एप्रिल १९९८ ला टोकियो डोममध्ये त्याने निरोप घेतला, तेव्हा अली हजर होता. १ ऑक्टोबर २०२२ ला वयाच्या ७९ व्या वर्षी इनोकी गेला.

झारा त्याच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये, ऐन तिशीत गेला होता. इनोकी २०१२ मध्ये पुन्हा पाकिस्तानात आला आणि नंतर झाराच्या पुतण्याला शिकायला आणि कुस्ती करायला जपानला घेऊन गेला.