आवाज मांगे राही गया!

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या फुईकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. फुई म्हणजे आत्या, पण अमळनेरकडे तिला आत्या म्हटलं तर ती वळूनही बघत नाही. यंदा रोट, आरती, रात्रभराची गाणी, सोमवारची मिरवणूक असं सगळं मी मोबाईलवर टिपलं. फुईनं मोबाईल हातात धरून दोन मिनिटं पाहिलं आणि परत दिला. "इतकुसं काय दिसतं? टीव्हीवर लाव." तिच्या टीव्हीखाली पंधरा वर्षांपूर्वीचा डीव्हीडी प्लेअर आहे, त्याला पेनड्राइव्हचं भोक नाही. सोबत तिनं कपाटातून एक व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेली सीडी, काढून दिली. ताईच्या लग्नाची, २००४ सालची. "हीबी त्याच्यातच टाक."

एका संध्याकाळचं काम, असं मला वाटलं होतं. आठ दिवस गेले. पहिली डिस्क फुईच्या प्लेअरवर लागली तेव्हा सुरुवातीला सगळं ठीक होतं. वीसेक मिनिटांनी बायकांचे हात टाळ्या वाजवून मोकळे झाले आणि टाळ्या मागून ऐकू यायला लागल्या. फुई म्हणाली, "आवाज मांगे राही गया रे भाऊ!"

पुढचा सगळा लेख म्हणजे त्या वाक्याचा शोध आहे. पण आधी व्हीसीडी, कारण पहिली ठेच तिथेच लागली.

डिस्क फुईच्या प्लेअरवर चालत होती, कॉम्प्युटरवर मात्र कॉपी होत नव्हती. साठ टक्क्यांवर यायचं आणि एरर. माझा एक मित्र म्हणाला, टूथपेस्ट लाव. दुसरा म्हणाला, रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. फ्रीजवाल्या उपायाला काही अर्थ नाही, उलट बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं. टूथपेस्टनं चकचकीत बाजूच्या प्लास्टिकवरचा हलका ओरखडा थोडा घासला जातो हे खरं, पण सीडीतला माहितीचा थर त्या बाजूला नसतोच. तो छापील बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. ज्यांनी टोकदार पेनानं डिस्कवर नवरानवरीची नावं लिहिली, त्यांनी आपल्या हातानं लग्न खोडलं.

खरं कारण गमतीचं आहे. सीडीवरची माहिती २,३५२ बाइटच्या तुकड्यांत असते. साधी फाइल ठेवताना त्यातले २,०४८ बाइटच वापरतात. उरलेल्या जागेतला मोठा भाग चुका दुरुस्त करण्याच्या जादा बंदोबस्ताला जातो. हिशेबाच्या फाइलमध्ये एक आकडा चुकला तर घोटाळा होतो, म्हणून. व्हीसीडी घडवणाऱ्यांनी विचार केला की चित्रात एखादा चौकोन क्षणभर बिघडला तर कोण रडणार आहे? त्यांनी तो बंदोबस्त सोडून दिला आणि प्रत्येक तुकड्यात २,३२४ बाइट चित्र-आवाज भरला. म्हणून ओरखडा आला की प्लेअर ठेचकाळतो आणि पुढे जातो. कॉम्प्युटर मात्र कारकुनासारखा अडून बसतो, की ही ओळ वाचता येत नाही, काम बंद. उपाय एवढाच, की साधं कॉपी-पेस्ट न करता व्हीसीडी उतरवण्याचं सॉफ्टवेअर वापरायचं, वेग कमीत कमी ठेवायचा आणि 'एरर सोडून पुढे जा' हा पर्याय निवडायचा. एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र-आवाजाची फाइल, माझ्याकडे अशी सुटून आली. दोन ठिकाणी चित्र हिसकलं, बाकी लग्न शाबूत.

डीव्हीडीवरून उतरवताना वेगळी गंमत होते, ती जाता जाता सांगतो. व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये व्हीओबी नावाच्या फाइली एकेक जीबीच्या आत तोडलेल्या असतात, आणि ते तुकडे प्रसंग बघून पाडलेले नसतात. लोक पहिलीच उचलतात आणि सप्तपदी गायब झाली म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात. सगळ्या क्रमानं घ्या, आधी जोडा, मग रूपांतर करा.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर एक चित्र ७२० आडवे आणि ५७६ उभे ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. रंगाची माहिती आपल्या डोळ्याला उजेडाइतकी बारीक लागत नाही, म्हणून ती आधीच पातळ केलेली असते. तरी हिशेब केला तर सेकंदाला दीड कोटीहून जास्त बाइट होतात. डिस्कवर जागा ४.७ जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट. (कॉम्प्युटर तीच ४.३८ दाखवतो, कारण तो १,०२४ च्या पाढ्यानं मोजतो. दुकानदारानं फसवलेलं नाही.) भागाकार करा, पाच मिनिटं! पाच मिनिटांच्या डिस्कवर दोन तासांचं लग्न मावतं ते कसं?

रावेरकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात शिकतो असं धरा. बाप रोज संध्याकाळी फोनवर केळीच्या बागेचा हाल सांगतो. पहिल्या दिवशी सगळं सांगतो, किती ओळी, कुठे घड लागले, कुठे ठिबकची नळी फुटली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओळी मोजत नाही. "कालचंच सगळं, फक्त तिसऱ्या ओळीत एक झाड वाऱ्यानं पडलं." व्हिडिओ असाच असतो. पूर्ण सांगितलेल्या चित्राला 'आय' चित्र म्हणतात. मागच्या चित्राच्या आधारानं फक्त बदल सांगणाऱ्याला 'पी'. बदल सांगण्याची रीतही हुशार आहे. चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, डीव्हीडीच्या चित्रात असे १,६२० होतात, आणि प्रत्येक चौकोनाबद्दल सांगतात की हा मागच्या चित्रातला अमुक ठिकाणचा चौकोन, पाच ठिपके डावीकडे सरकवलेला. नुसता पत्ता. पत्ता देऊनही जो थोडा फरक उरतो, तो ८ बाय ८ च्या छोट्या चौकोनांत घालून त्याचं लाटांमध्ये रूपांतर करतात. ठळक लाटा ठेवायच्या, बारीक थरथर टाकून द्यायची. हे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्स्फॉर्म, बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव या सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. मोबाईलमधला जेपीईजी फोटोही त्यावरच उभा आहे. आपल्याकडच्या कुठल्या पोथीत विमान होतं यावर तासभर वाद घालणाऱ्यांना हे नाव ऐकूनही माहीत नसतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

तिसरा प्रकार 'बी' चित्रांचा, आणि इथे जरा सावकाश वाचा. बाप म्हणतो, "सोमवारचं तुला सांगितलंच आहे. बुधवारचं आधी ऐकून घे. मंगळवार त्या दोघांच्या मधला होता." बी चित्र मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांचा आधार घेतं, म्हणून त्याला सगळ्यात कमी जागा लागते. पण त्यासाठी पुढचं चित्र आधी पोचलेलं पाहिजे. पडद्यावर क्रम १, २, ३, ४, ५, ६, ७ असा दिसतो, फाइलमध्ये मात्र १, ४, २, ३, ७, ५, ६ असा लिहिलेला असतो. पहिलं आय, चौथं आणि सातवं पी, मधली बी. पीठाच्या गिरणीत डबे ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. डबा ठेवला कधी आणि दळण मिळालं कधी, या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून प्रत्येक चित्रावर वेळेचे दोन शिक्के लागतात, उलगडायचं कधी आणि दाखवायचं कधी. आवाजाच्या तुकड्यांवर एकच पुरतो, तिथे मागेपुढे होत नाही. शिक्के नीट पाळले तर ओठ आणि शब्द जुळतात. पाल डीव्हीडीत जास्तीत जास्त १५ चित्रांनंतर पुन्हा एक आय चित्र द्यावंच लागतं, म्हणजे ०.६ सेकंदात एकदा बाप सगळी बाग नव्यानं सांगतो. यामुळेच फाइल मधूनच कशीही कापली की तुकड्याच्या सुरुवातीला राखाडी चिखल दिसतो. मंगळवारी फोन उचलला, सोमवार माहीत नाही, मग झाड कुठलं पडलं?

इथवर आलात तर अक्षतांचं कोडंही सुटतं. कुठल्याही जुन्या व्हीसीडीत बघा, मंगलाष्टकं चालू असताना चित्र बऱ्यापैकी असतं आणि "सावधान" झालं की फुटतं. सगळीकडे चौकोनच चौकोन. कॅमेरावाल्याचा हात हललेला नसतो. हजार तांदूळ हजार दिशांना उडतात, प्रत्येक चौकोनात नवंच काहीतरी, 'मागचाच सरकवला' असं कुणाबद्दल सांगणार? बदल सांगायलाच पूर्ण चित्राइतकी जागा लागते आणि व्हीसीडीत तर चित्राला सेकंदाला ११.५ लाख बिटच ठरवून दिलेले (आठ बिटचा एक बाइट). मग थरथरीबरोबर चेहरेही टाकून दिले जातात. ते कुठे लपलेले नसतात. जळगावात एका दुकानात मला 'जुनी व्हीसीडी फोर-के करून मिळेल' अशी पाटी दिसली. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र ताणून मोठं करता येतं, हल्लीची सॉफ्टवेअरं त्यात नाकडोळे अंदाजानं भरतातही. पण ते नाक तुमच्या आजीचं नसतं.

आता फुईच्या आवाजाकडे. फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो असं सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. तो घेतो, उजेड असेपर्यंत. कानबाईच्या रात्री घरात एक बल्ब आणि समया. कमी उजेडात प्रत्येक चित्राला जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो, म्हणून फोन गुपचूप संख्या कमी करतो. कधी २९, कधी २५. खोटेपणा नाही त्यात, प्रत्येक चित्रावर खरा शिक्का मारलेला असतो. आवाज मात्र उजेड बघत नाही, तो सेकंदाला ४८,००० नमुने याच चालीनं चालतो.

मी वापरलेलं फुकटचं कन्व्हर्टर शिक्के वाचतच नव्हतं. त्यानं वरची पाटी वाचली, ३०, आणि सगळी चित्रं त्या हिशेबानं ओळीत लावली. दहा मिनिटं २९ च्या चालीनं घेतलं असेल तर चित्रं होतात १७,४००. ती ३० च्या वेगानं दाखवली तर ५८० सेकंदांत संपतात. चित्र २० सेकंद आधीच पुढे निघून जातं! म्हणजे फुईचं निदान अर्धंच बरोबर होतं. आवाज मागे राहिला नव्हता, चित्र पळालं होतं. आणि सोमवारच्या उन्हातल्या मिरवणुकीत फरक वाढत का नव्हता, आहे तेवढाच का राहत होता, हेही मग लक्षात आलं. बरेच जण यावर आवाज दोन-चार सेकंद सरकवून बघतात. एका ठिकाणी जुळतं, दुसरीकडे उसवतं.

खरा उपाय असा की मीडियाइन्फोसारख्या साध्या सॉफ्टवेअरात फाइल उघडून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हा आकडा, 'व्हेरिएबल' (बदलता) आहे का ते आधी बघायचं. असेल तर शिक्के पाळणाऱ्या सॉफ्टवेअरनं ते एकसारखं करायचं. मी एफएफएमपेग वापरलं. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दिसायला रूक्ष आहे, आणि त्याला 'पाल-डीव्हीडी' एवढं लक्ष्य सांगितलं की २५ चित्रं, ७२० बाय ५७६, एमपेग-२ (चित्र दाबून लहान करण्याची डीव्हीडीची पद्धत), ४८ किलोहर्ट्झचा आवाज हे सगळं ते आपलं आपण जुळवतं. नुसतं नाव बदलून एमपी-४ ची व्हीओबी होत नाही. गाढवाला झूल घातली म्हणून तो बैल होत नाही आणि पोळ्याला त्याला कुणी ओवाळतही नाही.

व्हीसीडीच्या बाबतीत मी एक आळस केला आणि तो फायद्याचा ठरला. व्हीसीडीतलं चित्र ३५२ बाय २८८ चं, एमपेग-१ या जुन्या पद्धतीनं दाबलेलं असतं, आणि डीव्हीडीच्या नियमांत ते चालतं. मग कशाला पुन्हा दाबायचं? आधीच रस काढलेल्या उसाचं चिपाड पुन्हा चरकात घातलं तर काय निघणार! चित्र तसंच ठेवलं, फक्त आवाज ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झवर नेला, कारण तिथे डीव्हीडी तडजोड करत नाही.

उरला जागेचा भागाकार. दोन तासांचं असेल तर सेकंदाला साधारण ५२ लाख बिट वाट्याला येतात, तीन तासांचं असेल तर जेमतेम ३५ लाख, आणि त्यातून आवाजाचा वाटा काढायचा. तीन तास एका डिस्कवर कोंबणाऱ्यांनी अक्षता आठवाव्यात. डिस्क डेटा म्हणून नाही, व्हिडिओ म्हणून लिहायची, कमी वेगानं, आणि शेवटी फायनलाइज करायची, म्हणजे लिहिणं संपल्याची नोंद करून ती बंद करायची. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये खूण धरणारा थर रंगद्रव्याचा असतो, त्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर ती ठेवू नका.

चौथी डिस्क लागली. टाळ्या हातांवर आल्या. ताईच्या लग्नात "सावधान" झालं, चित्र फुटलं, तांदूळ खाली बसले तसे चेहरे परत आले आणि मांडवाच्या खांबाशी टेकलेली आजी दिसली. फुईनं दोनदा मागे घेऊन पाहिलं. मग म्हणाली, अशीच अजून एक काढ, नंदुरबारच्या नणंदेला पाठवायची आहे. मी हो म्हणून उठलो तर मागून आवाज आला, "पण तिच्याकडे डीव्हीडी चालत नाही रे भाऊ. तिचा प्लेअर व्हीसीडीचाच आहे."